लोडची शैली

ज्या माणसाने जन्मात कुणाला चापट मारलेली नाही त्याने मारामारीचे गुण द्यायचे, हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही. ज्याने केला त्याने मार खाल्लेला नसणार एवढं नक्की. मार खाल्लेला माणूस नियम करत बसत नाही, तो बर्फ शोधतो.

माझा साडू बॉक्सर आहे. हौशी नाही, पोटासाठी खेळणारा. त्याला सगळे लोड म्हणतात. गादीवर टेकायला ठेवतात तो लोड: गोल, घट्ट, कुणीही पाठ टेकावी, बुक्के मारून सरळ करावा, तक्रार नाही. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, आणि दोघींचा बाप गादीवाला. म्हणजे पाटी बापाची, दुकान बापाचं, तोंड बापाचं आणि कापूस माझ्या नाकात. मी थोरला जावई. लग्नात मला मुलगी मिळाली आणि तिच्या मागोमाग दाभण मिळालं. तेव्हापासून मी मान खाली घालून गाद्यांना टाके घालतोय, आणि सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगतायत, "आमचे थोरले जावई. हुशार नाहीत, पण शिवण पक्की आहे."

लोड तेवढा सुटला होता. लग्नानंतरचे काही महिने मामांनी त्यालाही दुकानात बसवलं, पण मग त्याला लढती मिळायला लागल्या आणि तो निसटला. मामांच्या पोटात ते दुखत राहिलं. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "धाकटे जावई, बॉक्सिंगच्या मंडळाने तुम्हाला पास केलं तर खेळा खुशाल. नाही केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात. तुमचं दाभण काढून ठेवलंय."

खरंच काढून ठेवलं होतं. माझ्या दाभणाशेजारी खिळ्याला टांगलेलं, नवं कोरं, बोटभर चकाकणारं. मी रोज ते बघायचो. देवाशपथ सांगतो, मला त्या दाभणाची जेवढी भीती वाटायची तेवढी लोडलाही वाटत नसेल. कारण दाभण म्हणजे काय ते मला माहीत होतं.

आता पास करायचं म्हणजे काय, तर असं. आमच्याकडच्या सगळ्यात वरच्या बॉक्सरला गवंडी म्हणतात, कारण तो माणसं विटांसारखी आडवी रचतो. गवंडीशी लढायचं असेल तर आधी मंडळासमोर कौशल्य आणि शैली यांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. शैलीला नाव मिळालं तर लढत. नाव मिळालं नाही तर तुम्ही बॉक्सर नाही, नुसते हातापायी करणारे गृहस्थ. तुम्ही किती जणांना झोपवलंत हे तिथे कुणी विचारत नाही.

लोडने बरेच झोपवले होते. पण त्याची शैली कोणती, हे सांगायला गेलं तर अडचण होती, आणि ती अडचण मी होतो.

लोड सांगितलेलं ऐकतो. त्याचा स्वभाव एवढाच आहे, त्यापुढे काही नाही. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, एकदा म्हणाली, "अहो, दुधावर लक्ष ठेवा," आणि शेजारी गेली. आली तर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि हा तिथेच उभा. "मी लक्ष ठेवत होतो," म्हणाला, "एकदाही नजर हलवली नाही." दूध गेलं, पण त्याच्या बोलण्यात चूक काय होती सांगा.

त्याचे जुने उस्ताद होते तोवर ठीक होतं. ते कोपऱ्यातून एक शब्द टाकायचे, हा इकडे एक ठोसा टाकायचा. मग उस्तादांची मुलगी त्यांना नातवंडं सांभाळायला घेऊन गेली. पुढच्या लढतीला कोपऱ्यात कुणीतरी उभं राहायलाच हवं असा नियम, म्हणून मला उभं केलं. माझ्या हातात टॉवेल आणि बादली. मला बॉक्सिंगमधलं एवढंच कळत होतं की उभा असतो तो जिंकतो. घंटा झाली, समोरचा लोडला बडवायला लागला, आणि लोड आपला माझ्याकडे बघत उभा. साडू सांगेल तसं करू.

घाबरल्यावर माणसाच्या तोंडातून तेच निघतं जे दिवसभर तोंडात असतं. माझ्या तोंडून निघालं, "थापट."

गादी भरताना आधी हलक्या हाताने थापटतात, गाठ कुठे आहे ते कळावं म्हणून. लोडने ते दुकानात बसून पाहिलेलं होतं. त्याने डावा हात हलकेच सोडायला सुरुवात केली. कपाळावर, खांद्यावर, बरगडीवर. बरगडीला समोरचा कळवळला. गाठ सापडली. मी म्हणालो, "तिथे टाका घाल." लोडचा उजवा हात दाभणासारखा सरळ आत गेला आणि बाहेर आला. मग मी थांबलोच नाही. "बडव." "कोपरा भर." कोपरा भरला नाही तर गादीचा आकार जातो, आणि रिंगमध्ये कोपरा भरला तर माणसाचा जातो. शेवटी म्हणालो, "गुंडाळ." गादी गुंडाळताना एका बाजूने दुमडायची आणि दुसऱ्या बाजूने सगळं वजन टाकून दाबायची. लोडने डाव्या हाताने त्याला कमरेत दुमडला आणि उजव्याने दाबला. आणि पडता पडता त्याला अलगद धरून खाली ठेवला. गादी कधी आपटायची नाही, फाटते.

तेव्हापासून लोड गाद्यांच्या भाषेत लढतो. बॉक्सिंग बघणारे जुने लोक येऊन विचारायचे, हा प्रकार कुठे शिकलास. मी म्हणायचो, घराण्याचा आहे.

मूल्यमापनाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मंडळाच्या हॉलवर गेलो. लोड, मेहुणी आणि टॉवेल-बादली घेतलेला मी. हॉल म्हणजे एका भिंतीला घडी घातलेली टेबल-टेनिसची टेबलं, दुसऱ्या भिंतीला एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये रिंग. रिंगच्या दोरांवर चिकटपट्टी गुंडाळलेली, तीही सुटून लोंबत होती. पंखा फिरत होता, पण वारा कुणाला लागेल अशा जागी नाही.

टेबलामागे परीक्षक तीन. मधले अध्यक्ष. हे गृहस्थ आयुष्यभर परिभाषेच्या कचेरीत होते. परक्या शब्दांना आपले शब्द काढून द्यायचे, हे काम. निवृत्त झाल्यावर त्यांना एक रिकामी खुर्ची दिसली, ती बॉक्सिंग मंडळाची निघाली. बसल्या बसल्या त्यांनी पहिला हुकूम काढला की या हॉलमध्ये परका शब्द चालणार नाही. जॅबचा झाला पुरोमुष्टी. हूकचा झाला आकडमुष्टी. अपरकटला ते हनुवटभेद म्हणतात. शैली तीनच ठरवल्या: दूरयोद्धा, घुसखोर आणि प्रत्याघाती. एका बिचाऱ्या पोराला त्यांनी घुसखोर ठरवलं, तर त्याची घरमालकीण त्याला ठेवून घेईना.

त्यांच्या डाव्या हाताला नृत्याच्या परीक्षक बाई. पायांचं काम बघायला म्हणून त्यांना नेमलेलं, आणि बाई कामाला प्रामाणिक, गुडघ्याच्या वर नजरच नेत नव्हत्या. उजव्या हाताला एक माजी बॉक्सर. निदान एक तरी खरा असावा म्हणून. पण त्यांनी इतके ठोसे खाल्ले होते की आता त्यांचे कुणाशीच मतभेद उरले नव्हते. कुणीही काहीही म्हटलं की ते मान डोलवायचे. पंख्यालाही.

लोडच्या समोर उभं राहायला मंडळाने आपला माणूस ठेवलेला असतो. त्याला कपाट म्हणतात. तो पुढे येऊन उभा राहिला की मागची भिंत दिसत नाही.

मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो, बादली ठेवली. अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण कोण?"

"साडू."

"नातं नको, काम सांगा."

"मी कोपऱ्यातून सांगतो आणि तो करतो."

"मग ती शैली त्याची की तुमची?" अध्यक्ष बाकीच्या दोघांकडे बघून हसले. माजी बॉक्सरने मान डोलावली. "मूल्यमापन चालू असताना कोपऱ्यातल्या माणसाने तोंड उघडायचं नाही. हा नियम आहे. उघडलंत तर उमेदवार बाद."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी मेहुणीकडे बघितलं. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, पर्स पोटाशी धरून. तिला सगळं कळलं. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आता ह्यांना सांगणार कोण?"

घंटा झाली.

लोड रिंगच्या मधोमध गेला आणि उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मी ओठ मिटलेले. तो वाट बघत राहिला. कपाट पण वाट बघत राहिलं, कारण त्याला वाटलं हा काहीतरी डाव आहे. दोघं समोरासमोर उभे, जणू बस येणार आहे.

"अहो, काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले. "सुरू करा."

"काय सुरू करू?" लोडने अदबीने विचारलं.

"काय म्हणजे? दोन हात करा त्याच्याशी."

लोडचा चेहरा खुलला. सांगणारा मिळाला. त्याने दोन हात पुढे केले आणि कपाटाला दाखवले. हा एक, हा दुसरा. कपाटाने ते बघितले आणि मधून पोटात एक ठेवून दिली.

"पाय रोवून उभे राहा," अध्यक्ष म्हणाले.

लोडने पाय रोवले. रोवले म्हणजे रोवले, आता तो जागचा हलेना. कपाट त्याच्याभोवती फिरून फिरून मारायला लागलं. कानावर, कुशीत, मागून मूत्रपिंडाजवळ. नृत्याच्या बाई चिंतेत पडल्या. "पदन्यास शून्य," त्या म्हणाल्या, "पण स्थैर्य बघा."

"हात आखडता घेऊ नका," अध्यक्ष ओरडले.

लोडने दोन्ही हात खांद्यापासून ताठ पसरले, शेतातल्या बुजगावण्यासारखे. आता गंमत अशी की त्याचा एक हात कपाटाच्या कपाळावर टेकला आणि कपाटाचे हात आखूड पडले. बिचारं हवेतच हात मारत राहिलं. मला वाटलं, देव आहे. बाईंनी पहिल्यांदाच नजर वर केली आणि म्हणाल्या, "रेषा सुंदर आहे."

पण अध्यक्षांना रेषा नको होती. ते उठून उभे राहिले आणि टेबलावर हात टेकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "प्रतिस्पर्ध्याला समर्थपणे तोंड द्या."

मी डोळे मिटले.

लोडने हात खाली घेतले, मान पुढे काढली आणि तोंड दिलं. समर्थपणे दिलं. आधी एक गाल, मग दुसरा, मग सरळ नाक. लहान पोर आईकडून तोंड पुसून घेतं तसं. कपाटाने आधी इकडेतिकडे पाहिलं, की हे खरंच चाललंय का. मग त्याने कामाला सुरुवात केली. तो पगारी माणूस, त्याला दोष देत नाही.

घंटा झाली तेव्हा लोडचं नाक जाड झालं होतं आणि हनुवटीवरून रक्त छातीवर उतरलं होतं. मी स्टूल सरकवलं, टॉवेल ओला केला, पुसलं. बोलता येत नव्हतं. बोटाने मी हवेत टाका घालून दाखवला.

"खाणाखुणा नकोत," अध्यक्ष म्हणाले. "नियम आहे."

मेहुणी उठून टेबलापाशी गेली. "साहेब, तुम्ही जरा सरळ बोला ना ह्यांच्याशी."

"मी शुद्ध बोलतोय."

"तेच म्हणतेय. सरळ बोला."

"बाई, भाषेची चेष्टा करू नका. तोंड देणे म्हणजे सामना करणे. हे ज्याला कळत नाही त्याने मुष्टियुद्धात कशाला पडावं?"

"पडावं असं कुणाला वाटतं," मेहुणी म्हणाली. "उभं राहायचा प्रयत्न चाललाय त्यांचा."

माजी बॉक्सरने मान डोलावली. पण ते तर सगळ्यालाच डोलावत होते.

लोड मला हळूच म्हणाला, "साडू, बरं चाललंय का?"

मी काय करू? मी त्याच्या तोंडात पाण्याची धार सोडली. बघा, माणसाला बोलायची बंदी केली की तो पाणी पाजतो. या मंडळांनी, कचेऱ्यांनी, सासऱ्यांनी आम्हाला आयुष्यभर पाणी पाजायलाच ठेवलंय. वर म्हणायचं, सेवाभाव आहे.

दुसरी फेरी सुरू झाली. अध्यक्ष आता टेबल सोडून दोरांपाशी आले होते. त्यांना चेव आला होता. आयुष्यभर कागदावर शब्द काढले, पण शब्द टाकला आणि समोर माणूस हलला, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नसावं.

"पाठ दाखवू नका," ते म्हणाले. लोड दोरांना पाठ लावून खेकड्यासारखा आडवा सरकायला लागला, कुणालाच पाठ दिसू नये म्हणून. अध्यक्ष, बाई, माजी बॉक्सर, मी, सगळ्यांचा त्याने विचार केला. रिंगला बाजू चार आणि माणसाला पाठ एक, तरी बिचाऱ्याने शिकस्त केली.

"अहो, कंबर कसा."

लोड थांबला. त्याने चड्डीच्या नाडीकडे बघितलं. हातात ग्लोव्ह्ज. ग्लोव्ह्ज घालून नाडी आवळता येत नाही, तुम्ही करून बघा. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि मग कपाटाला म्हणाला, "जरा आवळता का?"

कपाट चांगल्या घरचं होतं. ते वाकलं. पण त्याच्याही हातात ग्लोव्ह्ज. मग दोघं मिळून, एकाने एक टोक धरून, दुसऱ्याने दुसरं, अशी ती नाडी आवळत बसले. लोड म्हणाला, "घट्ट नको, पोट भरलेलं आहे." कपाट म्हणालं, "आमच्या हिचं पण असंच असतं, गाठ मारली की सुटत नाही." बाई म्हणाल्या, "परस्पर सामंजस्य उत्तम."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुरे," ते म्हणाले. "पुरे झालं. या इसमाला कोणतीही शैली नाही. गाशा गुंडाळा."

आता ह्याचा अर्थ शाळेतलं पोरही सांगेल. सामान उचला आणि घरी जा. मेहुणीने पर्सचा बंद खांद्याला लावला. मी बादलीला हात घातला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते नवं दाभण आलं, खिळ्यावर, चकाकणारं.

पण लोडने पहिल्यांदाच त्या टेबलाकडून ओळखीचा शब्द ऐकला होता.

त्याचा डावा खांदा खाली गेला. मी तो खांदा ओळखतो. कपाट अजून नाडीकडेच बघत होतं. लोडने त्याला डाव्या हाताने कमरेत दुमडलं आणि उजवा हात सगळं वजन टाकून वरून दाबला. कपाटाच्या तोंडून नवीन गादीतून निघते तशी हवा निघाली. ते पडायच्या आत लोडने त्याला काखेत धरलं, गुडघ्यावर बसून अलगद जमिनीवर ठेवलं आणि कोपरे सरळ करावेत तसे त्याचे हात शरीराजवळ घेतले. मग उठून अध्यक्षांकडे बघितलं. गुंडाळला.

माजी बॉक्सरने आपणहून मान डोलावली.

कपाटाला पाणी मारून उठवलं. ते शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोललं, तर, "छान झोप लागली." मग तिन्ही परीक्षक डोकी एकत्र करून कुजबुजले. कुजबुज एवढी मोठी की सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष म्हणत होते, "मी बोललो म्हणून." बाई म्हणत होत्या, "तुम्ही त्यांना जायला सांगितलंत." अध्यक्ष म्हणाले, "मी काय म्हणालो ते महत्त्वाचं नाही, परिणाम बघा." माजी बॉक्सरने दोघांनाही मान डोलावली.

अध्यक्षांनी खाकरून निकाल दिला. चौथी शैली त्यांनी तिथल्या तिथे काढली: आदेशानुवर्ती. असा मुष्टियोद्धा त्यांनी कधी पाहिला नव्हता. श्रेणी अव्वल. गवंडीशी लढत मंजूर.

मेहुणीने डोळे पुसले. मी लोडच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. तोवर अध्यक्ष पुढे बोलले.

"अट एकच. शैली आदेशानुवर्ती आहे, तर आदेश अधिकारी व्यक्तीचाच हवा. गवंडीच्या लढतीला कोपऱ्यात मी स्वतः असेन. हे जे कोण नातेवाईक आहेत, त्यांची आवश्यकता नाही."

हे ऐकून माझा हात हवेतच राहिला. माझं सोडा, मला कोण विचारतो. पण गवंडी म्हणजे कपाट नव्हे. गवंडी नाडी आवळून देणार नाही. गवंडीसमोर ह्या माणसाने दोरांपाशी उभं राहून एकदा म्हणायचं, समर्थपणे तोंड द्या, आणि आम्ही लोडला खोळीत घालून घरी आणायचा. मेहुणीचा चेहरा पांढरा पडला. ती पर्स पोटाशी धरून तिथेच उभी राहिली. आणि मी तर नियमातला माणूस. मूल्यमापन संपल्याचं अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"काही हरकत?" अध्यक्षांनी लोडला विचारलं. "असेल तर आत्ता माझ्या तोंडावर सांगा. मागाहून कुरकुर नको."

लोड दोरांखालून वाकून बाहेर आला. संथपणे चालत टेबलाला वळसा घालून अध्यक्षांसमोर गेला. दातांवरचं रबर ग्लोव्हवर काढून घेतलं. मग वाकून, सुजलेलं नाक त्यांच्या चष्म्याला टेकवून, ओठ त्यांच्या गालावर ठेवून, तिथे सांगितलं.

"नको."

अध्यक्षांच्या चष्म्यावर वाफ आली. गालावर थोडं रक्त लागलं. त्यांना बाजूला व्हायचं सुचलं नाही, इतकं त्यांच्या तोंडावर कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"याचा अर्थ समजतो का तुम्हाला?" ते वाफेतूनच म्हणाले.

"समजतो," लोड म्हणाला. "दुकान."

एवढंच. परत येऊन त्याने बादली उचलली, जी खरं तर मी उचलायची असते.

आम्ही पायीच निघालो. फूटपाथवर एक माणूस सायकलला हवा भरत होता, त्याला वळसा घालून गेलो. पुढे गेल्यावर मी विचारलं, "अरे, खरं सांग. तुला ते शब्द कळत होते का? तोंड द्या, कंबर कसा, ते सगळं?"

"साडू," लोड म्हणाला, "नाक दुखतंय. उद्या बोलू."

"ह्यांना काय कळतं आणि काय नाही," मेहुणी म्हणाली, "ते मलाच अजून कळलेलं नाही. आणि मी दूध उतू घालवून बसलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोड दुकानात आला. मामा गल्ल्यावर तयार होते, केसांना तेल लावून. गादी घ्यायला एक जोडपं आलं होतं, मामांना प्रेक्षक लागतातच.

"या, धाकटे जावई, या," मामा म्हणाले. मग जोडप्याकडे वळून, "बॉक्सर होते. आता माणसात आले. ते घ्या दाभण, आणि लावा कामाला हात."

लोडने समोरच्या अर्धवट भरलेल्या गादीला हात लावला. आणि तसाच ठेवला.

"असा नव्हे हो. टाका घाला तिला."

मी सुतळी ओवत होतो, तसा थांबलो. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. टाका. कोपरा. बडव. हे शब्द दुकानाचे होते, पण मी ते रिंगमध्ये नेऊन वापरले होते आणि परत आणून ठेवले नव्हते.

लोडचा उजवा हात गादीतून आरपार गेला. नवी खोळ उसवून कापूस छतापर्यंत उडाला. जोडपं दोन पावलं मागे सरलं.

"अहो, काय करताय? कोपरे भरा, कोपरे," मामा ओरडले. लोडने गादी ढकलत ढकलत भिंतीच्या कोपऱ्यात नेली आणि भरायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा. भिंतीवरची दुकानाच्या लायसन्सची चौकट खाली आली.

मामा गल्ल्यावरून उठले. मी त्यांना गल्ल्यावरून उठताना कधी पाहिलं नव्हतं. तरातरा येऊन ते लोडच्या आणि गादीच्या मध्ये उभे राहिले, डोक्यावर कापूस, छाती पुढे. म्हणाले, माणूस आहात की हातोडा. म्हणाले, पोरीला खड्ड्यात घातली आम्ही. म्हणाले, मंडळाने लाथाडलं ते उगाच नाही, या थोरल्याला निदान शिवण तरी येते. जोडपं ऐकत होतं. मीही ऐकत होतो, वर्षानुवर्षं ऐकतोय. आणि मग त्या फाटक्या गादीकडे बोट दाखवून, लोडच्या डोळ्यांत डोळे घालून, मामा म्हणाले, "बास झालं. गुंडाळा आता."

लोडने माझ्याकडे बघितलं. नाक अजून सुजलेलं, डोळे स्वच्छ. साडू सांगेल तसं करू. त्याचा डावा खांदा खाली गेला.

मी 'थांब' म्हणू शकलो असतो. एकच शब्द.

पण कोपऱ्यातल्या माणसाने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. मी सुतळी दातात धरली आणि टाका घालायला घेतला.